कुलूप सरकारचे, काळजी कामगाराची

'टाळेबंदी' हा शब्द मराठी कामगाराच्या कानाला नवा नाही. मार्च २०२० मध्ये वर्तमानपत्रांनी 'लॉकडाऊन'साठी तो वापरायला घेतला, तेव्हा तो घडवायला कोशकारांची समिती नेमावी लागली नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या फाटकांवर तो कित्येक दशके लटकत होता. फरक एवढाच, की त्या टाळेबंदीत कुलूप मालकाचे असे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तिची व्याख्या होती. ती बेकायदा ठरली तर बंद काळातल्या पगारावर हक्क सांगता येत असे. फाटकासमोर सभा घेता येत असे, कामगार आयुक्तांकडे शिष्टमंडळ नेता येत असे. थोडक्यात, भांडायला समोर कोणीतरी होते.

२०२० च्या टाळेबंदीत कुलूप सरकारने लावले. त्यामागचे कारण रास्त होते, याविषयी वाद घालण्याचे प्रयोजन नाही. रोग नवा होता, लस नव्हती, आणि माणसांनी एकमेकांपासून दूर राहणे हाच त्या वेळचा उपाय होता. पण कुलूप लावणारा एक आणि पगार देणारा दुसरा, अशी स्थिती देशभर एकाच दिवशी निर्माण झाली. बंद काळातली मजुरी कोणी द्यायची, हा प्रश्न त्या कुलपाच्या आतच राहिला. त्याचे उत्तर वेळेवर मिळाले नाही, आणि याची किंमत कामगाराने केवळ पैशात मोजलेली नाही, तर झोपेत, धीरात आणि काही घरांत तर जिवानिशी मोजली आहे.

महामारीनंतर मानसिक आरोग्याविषयी आपल्याकडे बरेच बोलले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले, की साथीच्या पहिल्या वर्षात चिंताविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. परिसंवाद झाले, ध्यानधारणेची शिबिरे झाली, समुपदेशनाचे दूरध्वनी क्रमांक जाहीर झाले. हे सारे आवश्यकच होते. परंतु या चर्चेत मन ही जणू माणसाच्या डोक्यात बसवलेली स्वतंत्र वस्तू आहे आणि ती बिघडली की मिस्त्री बोलावून दुरुस्त करून घ्यायची, असा एक सूर होता. कामगाराचे मन असे सुटे नसते. ते महिन्याच्या सात तारखेला बांधलेले असते, वाण्याच्या उधारीला बांधलेले असते आणि हजेरीपटावरच्या आपल्या नावालाही बांधलेले असते. म्हणून रोजगार टिकवण्याचे धोरण हेच मनाच्या आरोग्याचे पहिले धोरण असते, असे म्हणावे लागते. आपल्याकडे हे धोरण आखले गेले नाही असे नाही. पण ते हुकुमाच्या रूपाने आले आणि हुकूम देणाऱ्याने खिशात हात घातला नाही.

पन्नास दिवसांचा हुकूम

घटनाक्रम आठवून पाहावा. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. २९ मार्च रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला, की कारखाना असो वा दुकान, प्रत्येक मालकाने बंद काळाचे वेतन ठरल्या तारखेला, कोणतीही कपात न करता द्यावे. घरमालकांनी कामगारांकडून महिनाभर भाडे मागू नये, असेही त्यात होते. महाराष्ट्र शासनानेही त्याच सुमारास अशाच आशयाचा निर्णय जाहीर केला. कागदावर पाहता एवढे मोठे वेतनसंरक्षण या देशात पूर्वी कधी दिले गेले नव्हते.

परंतु ज्याच्या यंत्रावर एक दिवसाचेही उत्पादन नाही, ज्याचा माल गोदामात आणि देणेकऱ्यांचे फोन चालू, अशा दहा-वीस माणसांच्या कारखानदाराने पूर्ण पगार कोठून द्यायचा, याविषयी आदेश गप्प होता. मोठ्या कंपन्यांनी काही काळ दिला. लहानांपैकी काहींनी अर्धा दिला, काहींनी उचल म्हणून दिला आणि पुढे कापून घेतला, तर काहींनी फोन उचलणेच बंद केले. मालक न्यायालयात गेले. १५ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले आणि १८ मेपासून सरकारने तो आदेशच मागे घेतला. १२ जून रोजी न्यायालयाने मालक आणि कामगार यांनी त्या पन्नास दिवसांच्या वेतनाविषयी आपापसांत वाटाघाटी कराव्यात, असे सुचविले. ज्या दोघांपैकी एकाकडे पैसे नव्हते आणि दुसऱ्याकडे बळ नव्हते, त्यांनी काय वाटाघाटी केल्या असतील, याची कल्पना करणे अवघड नाही.

या गदारोळात एक निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. तुळजापूरचे भवानीमंदिर बंद झाल्यावर तेथील कंत्राटी कामगारांच्या वेतनाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. कामगार कामावर यायला तयार होते, पण मंदिरच बंद होते. मे २०२० मध्ये न्यायालयाने म्हटले, की अशा असाधारण परिस्थितीत 'काम नाही तर दाम नाही' हे तत्त्व लावता येणार नाही. जेवणाचा आणि प्रवासाचा भत्ता वगळून वेतन देण्याचा आदेश झाला. काम करण्याची तयारी असणे आणि काम मिळणे या दोन गोष्टींतला फरक या निकालाने नेमका ओळखला. परंतु न्यायालयापर्यंत पोहोचायला संघटना लागते, आणि ज्यांचे नाव कोणत्याच पटावर नाही त्यांच्यासाठी कोण अर्ज करणार?

दुसऱ्यांनी काय केले

याच महिन्यांत युरोपातल्या काही देशांनी वेगळी वाट धरली. जर्मनीत 'कुर्त्सआर्बाइट' म्हणजे अल्पकाम नावाची व्यवस्था आहे. तिची मुळे १९१० मधल्या पोटॅश उद्योगापर्यंत जातात. काम कमी झाले की मालक माणसे काढत नाही. सगळ्यांचे तास कमी करतो, प्रसंगी शून्यावर आणतो. बुडालेल्या निव्वळ वेतनाचा ६० टक्के भाग, मुलेबाळे असतील तर ६७ टक्के, बेकारी विम्याच्या निधीतून दिला जातो. महामारीत हे प्रमाण काही महिन्यांनंतर ८० आणि ८७ टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आले. एप्रिल २०२० मध्ये सुमारे ६० लाख जर्मन कामगार या व्यवस्थेखाली होते. एवढा मोठा उद्योगप्रधान देश ठप्प झाला, तरी तेथील बेकारीचा दर दीड टक्क्याच्या आतच वाढला.

ब्रिटनकडे अशी जुनी व्यवस्था नव्हती. ती त्यांनी मार्च २०२० मध्ये काही दिवसांत उभी केली आणि तिला 'फर्लो' म्हटले. आपल्याकडे हा शब्द येरवड्याच्या कैद्यांना मिळणाऱ्या रजेमुळे ठाऊक. येथे मात्र ती कामगाराची रजा होती. वेतनाचा ८० टक्के भाग, महिना २,५०० पौंडांच्या मर्यादेत, सरकारने भरला. सप्टेंबर २०२१ मध्ये योजना संपेपर्यंत १ कोटी १७ लाख नोकऱ्यांना तिचा आधार मिळाला आणि सुमारे ७,००० कोटी पौंड खर्च झाले.

अमेरिकेने उद्योगांना पगारासाठी कर्जे दिली, पण मुख्य भर नोकरी गेलेल्याच्या हातात पैसे ठेवण्यावर दिला. नेहमीच्या बेकारीभत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जास्त, जुलै २०२० अखेरपर्यंत. रक्कम अजिबात थोडी नव्हती. अनेकांना तर ती पगारापेक्षा जास्त पडली. तरीही दोन महिन्यांत २ कोटींहून अधिक माणसांचे नोकरीशी नाते तुटले आणि बेकारीचा दर सुमारे १५ टक्क्यांवर गेला.

मनाच्या दृष्टीने पाहता या दोन वाटांतला फरक महत्त्वाचा आहे. पैसे दोन्हीकडे मिळाले. पण एकीकडे माणूस कामावरून गेलेला होता आणि दुसरीकडे तो घरी बसलेला असूनही कामावर होता. ब्रिटनमध्ये हजारो कुटुंबांची वर्षानुवर्षे पाहणी होत असते. तिच्या महामारीतल्या नोंदींवरून अभ्यासकांनी जे मांडले त्याचा रोख असा, की फर्लोवर असलेल्यांची मनःस्थिती काम गमावलेल्यांपेक्षा बरी आणि कामावर असलेल्यांच्या जवळपासची होती. उद्या परत जायचे आहे, ही खात्री नुसत्या भत्त्याने मिळत नाही.

असे का व्हावे? याचे उत्तर शोधायला नव्वद वर्षे मागे जावे लागते. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे एक गिरणगाव होते. १९३० च्या सुमारास तेथील कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण अभ्यासकांनी त्या गावात राहून जे टिपले, ते १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. समजूत अशी, की रिकामा वेळ मिळाला की माणसे वाचतील, सभा-संमेलनांना जातील. झाले उलटेच. वाचनालयातून नेली जाणारी पुस्तके निम्म्यावर आली. रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांची चालच मंदावली. दोन पावले टाकायची आणि थांबायचे. दिवसभरात काय केले, हे त्यांना धड सांगता येईना. बायकांची स्थिती थोडी वेगळी, कारण चूल आणि मुले त्यांचा दिवस बांधून ठेवत. आणि मदतीची रक्कम जसजशी कमी होत गेली, तसतशी कुटुंबे धीर धरण्यापासून खचण्याकडे सरकत गेली. याहोदाबाईंनी पुढे मांडले, की नोकरी पगाराखेरीज आणखी काही देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसे, आपण एका मोठ्या कामाचा भाग असल्याची जाणीव, समाजातले स्थान आणि हातांना उद्योग. पगार थांबला की पोट रिकामे होते; बाकीचे थांबले की माणूस रिकामा होतो.

हे ऐकून गिरणगावातल्या कोणालाही ऑस्ट्रियाचे नाव काढावे लागणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येला पुन्हा गिरणीचा भोंगा ऐकायला मिळाला नाही. चाळीच्या जिन्यावर, नाक्यावर, देवळाच्या ओट्यावर बसून राहणारे पुरुष आणि खानावळ, शिवणकाम, घरकाम करून संसार ओढणाऱ्या बायका हे चित्र त्या पिढीने पाहिलेले आहे. त्या वेळी त्याला कोणी मानसिक आरोग्याचा प्रश्न म्हटले नाही एवढेच.

साथ आणि मजुरी यांची गाठही मुंबईला नवी नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर गावाकडे पळाले. गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली. तोवर मालक महिन्याचा पगार काही आठवडे अडकवून ठेवत, म्हणजे कामगार बांधलेला राही. प्लेगमध्ये कामगारांनी रोजचा रोख दाम मागितला, आणि मालकांना तो नाक्यानाक्यावर चढाओढीने द्यावा लागला. हाच तो काळ, जेव्हा कामगारांच्या रविवारच्या सुट्टीसाठी झगडलेले नारायण मेघाजी लोखंडे प्लेगग्रस्तांची सेवा करता करता फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वतःच त्या रोगाला बळी पडले. त्याच महिन्यात इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने साथ रोखण्यासाठी जो कायदा लागू केला, तो हाच. सव्वाशे वर्षांत या कायद्याला माणसे अलग करण्याचे अधिकार मिळाले. अलग केलेल्या माणसाच्या मजुरीविषयी मात्र त्यात एक ओळ आली नाही.

ज्यांचे नाव पटावर नाही

मजुरीचा हुकूम निघाला तो पटावर नाव असलेल्यांसाठी. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, घरकाम करणाऱ्या मावशी, हॉटेलातला मोरीवरचा पोऱ्या, ठेकेदाराच्या ठेकेदाराकडे काम करणारा वेल्डर यांच्यासाठी मालक कोण, हेच ठरलेले नव्हते. सरकारच्याच श्रमशक्ती पाहणीनुसार एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरी बेकारीचा दर सुमारे २१ टक्क्यांवर गेला. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याच्या पोलाद कारखान्यांतून मध्य प्रदेशाकडे निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडले. चालून दमले आणि रुळांवरच झोपले. आता गाड्या बंद आहेत, एवढीच त्यांना माहिती होती. त्यांना कोणी कामावरून काढल्याचे पत्र दिले नव्हते, कारण कामावर घेतल्याचेही पत्र कधी नव्हते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाचे आकडे येथे पाहावे लागतात, आणि ते जपून पाहावे लागतात. देशात आत्महत्या केलेल्यांपैकी रोजंदारीवरचे लोक २०१९ मध्ये ३२,५६३ होते, २०२० मध्ये ३७,६६६ आणि २०२१ मध्ये ४२,००४. म्हणजे दर चार आत्महत्यांमागे एक रोजंदारी कामगाराची. यावरून हे सर्व मृत्यू टाळेबंदीने घडवले, असे म्हणणे चूक ठरेल. आत्महत्येला एकच कारण क्वचित असते. शिवाय ही वाढ महामारीच्या आधीपासूनची आहे. २०१४ मध्ये हे प्रमाण १२ टक्के होते, २०१९ मध्येच ते २३ टक्क्यांवर गेले होते. आणि साथ ओसरल्यावर, २०२२ मध्ये, ते आणखी वाढून २६ टक्क्यांच्या वर गेले. पण यातून निघणारा निष्कर्ष अधिक दिलासा देणारा नाही. ज्या माणसाचा उद्याचा दिवस नेहमीच अनिश्चित होता, त्याच्यावर महामारी आली. त्याच्याकडे वाट पाहायला शिल्लक नव्हती आणि परत जायला नोकरी नव्हती.

पटावर नाव असले म्हणजे सारे निभावते, असेही नाही. आपल्या एसटीचेच पाहा. जवळपास एक लाख कर्मचाऱ्यांची ही नोकरी कायम, सरकारी महामंडळातली. टाळेबंदीत एसटीच्या चालक-वाहकांनी परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोहोचवले, मुंबईत बेस्टच्या मदतीला जाऊन फेऱ्या केल्या. पण गाड्या बंद, उत्पन्न बंद, म्हणून पगार थकत गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, एसटी कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या, तेव्हा कोठे राज्य सरकारने महामंडळासाठी १,००० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारासच संप सुरू झाला आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये कर्मचारी कामावर परतले. आम्हांला राज्य शासनात विलीन करा, ही त्यांची मागणी अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकते की नाही, हा निराळा वाद. पण तिच्या मुळाशी जी भावना होती ती समजून घ्यायला हवी. त्यांना पगारवाढीइतकीच पगाराची तारीख हवी होती. नोकरी जाणार नाही, पण पगार कधी येईल ते सांगता येत नाही, या अवस्थेत माणसाला दुसरे काम शोधता येत नाही आणि असलेल्या कामावर विसंबताही येत नाही. रोजगाराचे संरक्षण म्हणजे केवळ नाव न खोडणे नव्हे, हे एसटीने दाखवून दिले.

उपाय ठाऊक नव्हता असे नाही

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. जर्मनी-ब्रिटनसारखे पैसे आपल्याकडे कोठे आहेत? आपला बहुसंख्य कामगार असंघटित. त्याला वेतन द्यायचे तर त्याचे नाव, पत्ता, मजुरी कोणाच्या दप्तरी? शिवाय सरकारी पैशावर मरणपंथाला लागलेले उद्योग जगवले जातात, हेही खरेच. आक्षेप वजनदार आहे. पण तो पूर्णत्वाने खरा मानला, तर महाराष्ट्राचा स्वतःचाच इतिहास पुसावा लागेल.

१९७२ च्या दुष्काळात या राज्याने लाखो हातांना काम दिले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, ही कल्पना श्रीमंत देशाची नव्हे. खडी फोडणाऱ्या महाराष्ट्राची आहे. तिच्याच पावलावर पाऊल ठेवून आलेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीने २०२०-२१ मध्ये साडेसात कोटींहून अधिक कुटुंबांना मिळून सुमारे ३८९ कोटी दिवसांचे काम दिले. शहरातून गावी परतलेल्या माणसाला त्या उन्हाळ्यात ज्या एका कायद्याने हक्काने काम मागता आले, तो हा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याची जागा नव्या कायद्याला दिली. पण शहरातल्या बेकारासाठी तेव्हाही हमी नव्हती आणि नव्या कायद्यातही ती नाही.

दुसरे उदाहरण १९६९ च्या माथाडी कायद्याचे. पाठीवर गोण्या वाहणाऱ्या हमालाला ठरावीक मालक नसतो. म्हणून त्या कायद्याने मंडळे काढली, मालकांकडून मजुरीवर ठरावीक लेव्ही घेतली आणि कामगाराचे नाव मंडळाच्या पटावर आणले. मालक अनेक असले तरी नोंद एक असू शकते, हे अण्णासाहेब पाटलांच्या पिढीने लढून सिद्ध केले. त्यात गैरप्रकार शिरले, हे कोणी नाकारणार नाही. पण गैरप्रकार नोंदीत शिरले म्हणून नोंदच नको, असे म्हणता येत नाही.

तिसरे, कर्मचारी राज्य विमा योजना. तिच्याखाली २०१८ पासून अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आहे. काम गेलेल्याला सरासरी मजुरीच्या चौथ्या हिश्श्याइतकी मदत त्यात होती. ऑगस्ट २०२० मध्ये ती निम्म्यापर्यंत, ९० दिवसांसाठी वाढवली गेली. म्हणजे पेटी होती, चावी होती, फक्त ती महामारीचे चार-पाच महिने उलटल्यावर फिरली. आणि ती मिळायची ती काम गेल्यावर, काम टिकवण्यासाठी नव्हे. त्याच काळात लहान उद्योगांच्या भविष्यनिर्वाह निधीचा दोन्ही बाजूंचा हप्ता काही महिने केंद्राने भरला. हाच पैसा, याच खात्यांतून, 'माणूस काढू नका, अर्धी मजुरी आम्ही देतो' या अटीवर वळवता आला असता. राज्याने एप्रिल २०२१ मध्ये नोंदीत बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले, रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. रक्कम पाहून हसू येईल, पण त्यातला 'नोंदीत' हा शब्द पाहावा. ज्याची नोंद होती, त्याच्यापर्यंत पोहोचता आले.

आता पुढे काय? ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगारांची नोंदणी सुरू झाली आणि ती ३० कोटींच्या पुढे गेली. चार नव्या श्रमसंहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आल्या. त्यांत कामगार कपातीसाठी परवानगी घेण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली आहे. ले-ऑफच्या काळात निम्मे वेतन देण्याची जुनी तरतूद राहिली, पण तिचा लाभ मोठ्या आस्थापनांतल्या कायम कामगारापुरता. बदली आणि हंगामी माणूस त्यातून परंपरेने बाहेरच. सरकारनेच कारखाना बंद करायला लावला तर वेतनाचा भार कोणी किती उचलायचा, या २०२० च्या प्रश्नाचे थेट उत्तर आजही कोणत्याच कायद्यात नाही.

ते उत्तर साथ नसतानाच लिहून ठेवायला हवे. कुलूप सरकारच्या आदेशाने लागले, तर पहिल्या दिवसापासून मजुरीचा एक ठरलेला वाटा सरकारने, एक मालकाने उचलावा. तो विम्याच्या किंवा निधीच्या खात्यातून थेट कामगाराला ठरल्या तारखेला मिळावा. आणि तो घेणाऱ्या मालकाने त्या काळात पटावरचे नाव खोडू नये. वाटा किती, मुदत किती, यावर तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा. पन्नास टक्के असेल, चाळीस असेल. कामगाराला अर्धी भाकरी चालते. ती येणार आहे की नाही, हे न कळणे चालत नाही. ई-श्रममधली नावे नुसती मोजदाद न राहता माथाडी मंडळांसारख्या पटावर आली आणि शहरातही काम मागण्याचा हक्क मिळाला, तर नाक्यावरच्या माणसालाही या साखळीत ओवता येईल.

केंद्राने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलि-मानस ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कोणीही मन मोकळे करू शकतो, आणि ज्याला गरज आहे त्याने ते संकोच न करता करावे. पण ती सेवा आरोग्य खात्याची, आणि मजुरी कामगार खात्याची. फोनच्या पलीकडचा समुपदेशक धीर देईल, झोपेचे उपाय सांगेल, डॉक्टरकडे पाठवील. समोरच्याने विचारले, की साहेब, माझा थकलेला पगार कधी मिळेल, तर त्याच्याजवळ उत्तर नसेल. ते देण्याची जबाबदारी दुसऱ्या खात्याच्या टेबलावर आहे, आणि तेथली फाइल २०२० पासून उघडलेली नाही.